पंखा थांबेपर्यंत

वडोदरा, दांडिया बाजार
श्रावणातला सोमवार, रात्र

चित्रपट थोर कशाने होतो, असं विचारलं की कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत अशी नावं लगेच पुढे येतात. या चारही गोष्टी चोख असलेले आणि तरीही चार दिवसांत मनातून पुसले गेलेले चित्रपट ढिगाने आहेत. उलट आवाज चरचरतोय, प्रिंट पिवळी पडलीय, नटांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, आणि तरी एक दृश्य वीस वर्षं सोबत राहतं, असंही होतं. हा फरक मला एकाच गोष्टीत दिसतो: कशापाशी किती वेळ थांबायचं हे त्या चित्रपटाला कळलेलं असतं. पुस्तक वाचणारा मध्येच मिटून चहाला जातो. भिंतीवरच्या चित्रासमोर कुणी मिनिटभर उभा राहतो, कुणी तासभर. थिएटरात बसलेल्याला मात्र तसं करता येत नाही. तिथे वेळ दुसऱ्याने मोजून दिलेला असतो, सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे २४ स्थिर चित्रं. तो मोजताना हात चुकला, तर बाकीचं सगळं चांगलं असूनही काही उपयोग होत नाही.

आपल्याकडे या कामाची सुरुवातच वेळ मोजण्यातून झाली, आणि त्या सुरुवातीचा एक धागा याच गावात आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर दादासाहेब फाळके तिथे शिकले, चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद त्यांना इथेच लागला. पुढे १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी राजा-राणीची गोष्ट घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. तयार झाला तो जेमतेम मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’. तो पाहूनच पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

हिशेब करून बघावा. मूकपट साधारण सेकंदाला १६ फ्रेम्स धरला, तर एका मिनिटाला ९६० फ्रेम्स लागतात. महिन्यावर वाटल्या तर दिवसाला तीसेक. त्यात कॅमेरा केसभर हलला, कुंडी कुणी सरकवली, रोजचा उजेड वेगळा पडला, तर कोंब पडद्यावर उड्या मारतो आणि वाढ दिसतच नाही. महिन्याभरातले कुठले आणि किती क्षण टिपायचे हे ठरवणं, हेच पुढे संकलकाचं, म्हणजे चित्रपट कापून जोडणाऱ्याचं, काम झालं.

मंगळवार

मोजायची रीत लिहून ठेवावी, म्हणजे बोलणं हवेत राहत नाही.

ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं तो आधी एकदा न थांबवता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघायचा. दुसऱ्या वेळी त्यातली मधली कुठलीही सलग १० मिनिटं घ्यायची, वही उघडायची आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा जोडलाय तिथे, एक रेघ ओढायची. ६०० सेकंदांत १५० रेघा आल्या तर शॉट सरासरी ४ सेकंदांचा, ४० आल्या तर १५ सेकंदांचा. या आकड्यावरून चांगलं-वाईट ठरत नाही, झपाझप कापलेला चित्रपटही थोर असू शकतो. बघायचं ते एवढंच, की चाल मोडते कुठे. चार-चार सेकंदांनी कापत आलेला चित्रपट अचानक एका चेहऱ्यावर २५ सेकंद थांबला, तर तिथे त्याला काहीतरी म्हणायचंय. आणि एकदाही चाल मोडत नसेल, तर बहुधा म्हणण्यासारखं काही नसतं.

मग तीच १० मिनिटं आवाज बंद करून. कोण कुणावर रागावलंय, खोलीत कुणाचं चालतं, एवढं नुसत्या उभं राहण्या-बसण्यावरून कळायला हवं. कळलं नाही, तर पात्रं फक्त संवाद म्हणायला उभी केलीत. शेवटी पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. संवाद आणि संगीत सोडून काहीच कानावर आलं नाही, तर त्या चित्रपटाला जागाच नाही. दांडिया बाजारातलं घर दाखवलंय आणि कबुतरं नाहीत, शेजारच्या कुकरची शिट्टी नाही, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न नाही, तर भिंती कितीही खऱ्या असोत, घर खोटंच.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने कट कुठे घ्यावा याचे सहा निकष सांगितलेत आणि त्यांना टक्केही दिलेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट मांडणीला ५ आणि खोलीतल्या प्रत्यक्ष जागेच्या सातत्याला ४. आपल्याकडे बरोबर उलटं बघितलं जातं. मागच्या शॉटमध्ये पेला अर्धा होता, आता भरलेला कसा, यावर चर्चा रंगते. ती चूक चार टक्क्यांतली. बाईच्या डोळ्यांत विचार पुरता यायच्या आधीच कापलं, ही चूक एक्कावन्नातली आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही, कारण कापल्यामुळे ती दिसतच नाही.

बुधवार, पाऊस

थांबण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) आहे. लग्नाआधी लेक वडिलांबरोबर क्योतोला आलीय. रात्री दोघं शेजारी-शेजारी अंथरुणावर. वडिलांना झोप लागलेली, घोरणं ऐकू येतं. लेक वर बघत किंचित हसते. मग काही सेकंद नुसती एक फुलदाणी, मागे खिडकीवर पानांच्या सावल्या. पुन्हा लेक, आता डोळे भरून आलेले. पुन्हा फुलदाणी, काही सेकंद. चेहरा बदलताना दाखवलेलाच नाही. तो बदल फुलदाणीच्या त्या सेकंदांत घडला, आणि प्रेक्षकाच्या मनात घडला. फुलदाणी एका सेकंदात आटोपली असती तर ती नुसती सजावट ठरली असती, आणि अर्धा मिनिट ठेवली असती तर आपण तिची घडण बघत बसलो असतो.

पार्श्वसंगीताचं दुखणं हेच आहे. नटीच्या चेहऱ्यावर दुःख यायच्या आधी सारंगी सुरू होते. मग चेहरा काही शोधत नाही, सारंगीला नुसता दुजोरा देतो. माझा आग्रह असा की पूर्ण चित्रपटाची पहिली जुळणी संगीताशिवाय लावावी, उसनं तात्पुरतं संगीतही नको. एकदा त्याची सवय लागली की कट त्या तालावर पडू लागतात आणि नंतर ते काढता येत नाही.

गुरुवार

आता एक दृश्य हातात घेऊन. कागदावर चार ओळी: वाडा विकला गेला आहे. आजी शेवटचं कुलूप लावते. दारात रिक्षा उभी. सून म्हणते, “आई, चला ना, रिक्षावाला थांबलाय.” आजी म्हणते, “हो गं, आले.”

हे बिघडवणं सोपं आहे. डोळ्यांचा क्लोजअप, थरथरता हात, भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, जुन्या दिवाळीचा फ्लॅशबॅक, बासरी, आणि शेवटी ड्रोनवरून दिसणाऱ्या पोळीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतल्या, कौलारू छपरांची रांग. ४० सेकंदांत चौदा शॉट. प्रत्येक शॉट सांगतो की रडा.

त्याऐवजी एकच शॉट. कॅमेरा वाड्याच्या आतल्या उघड्या चौकाच्या उंबऱ्याशी, पाठ चौकाकडे, तोंड पुढच्या खोलीतून रस्त्याच्या दाराकडे. तिपाईवर उंची अडीच फूट, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी. लेन्स २८ किंवा ३५ मिमी, म्हणजे खाली दार आणि वर छताचा पंखा एकाच चौकटीत मावतात. दाराशेजारी लाकडी बोर्डावर मेन स्विच.

आजी नळ घट्ट आहे का बघते, पायपुसणं झटकून घडी करते, मेन स्विचचा दांडा खाली ओढते. बल्ब जातो, पंखा मंदावू लागतो. ती बाहेर ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, जाते, दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेते. कडी. कुलूप. किल्लीचे दोन फेरे. सुनेचा आवाज आणि “हो गं, आले”, दोन्ही दाराआडून दबलेले. आजी गेली, आपण मात्र आत कोंडलेले, आणि वर पंखा अजून फिरतोय.

नटीला ‘दुःख दाखवा’ असं चुकूनही सांगू नये. तिला कामं द्यायची: नळ, पायपुसणं, दांडा. दांडा जड जात असेल तर उत्तमच. हात कामात असले की चेहरा आपोआप मोकळा राहतो.

पंखा किती वेळात थांबतो हे पंख्यागणिक वेगळं, म्हणून आदल्या दिवशी घड्याळ लावून तीनदा मोजायचं. समजा ४० सेकंद आले. त्यातले २० आजीच्या बाहेर पडण्याला आणि कुलपाला. उरलेले २० रिकाम्या खोलीचे, म्हणजे ४८० फ्रेम्स.

इथे एक तांत्रिक गोम आहे. पंखा मिनिटाला ३६० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला सहा, म्हणजे २४ फ्रेम्सच्या हिशेबाने दर फ्रेमला ९० अंश. तीन पाती १२० अंशांवर असल्याने डोळ्याला तो ३० अंश मागे गेल्यासारखा दिसतो. मंदावताना २४० फेऱ्यांच्या आसपास तो अडखळतो आणि दिशा बदलल्याचा भास होतो. प्रेक्षक आजीला विसरून पंख्याकडे बघू लागतो. उपाय साधा: रेग्युलेटर आधीच खाली ठेवून वेग २४० च्या आत आणायचा. फेऱ्या मोजायला एका पात्यावर खडूची खूण करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघितलं की पुरे, टेकच्या आधी खूण पुसायला विसरू नये. शटर १/५० वर, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उघडी. आपली वीज ५० हर्ट्झची, १/४८ वर काही ट्यूब आणि एलईडी दिवे पडद्यावर लुकलुकतात.

शुक्रवार

उजेड. पोळीतली गल्ली अरुंद, दुपारी ऊन थेट दारात उतरतं आणि उघडं दार पांढरं फटक जळतं. पाचच्या सुमाराला गल्ली सावलीत जाते, आतला-बाहेरचा फरक दोन-तीन स्टॉपवर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) येतो, तेव्हा घ्यावं. दार बंद झाल्यावर पंख्यावर पडणारा उजेड फक्त चौकातून, वरून येणारा, मऊ, सावल्या नसलेला. ढग आले-गेले की तो शॉटच्या मध्यात बदलतो, म्हणून चौकावर पांढरा मांजरपाट ताणायचा आणि खालून त्यावर दिवे मारायचे. ही युक्ती सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं, आणि वरून झिरपणारा आकाशाचा उजेड त्यांनी ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून उलटवून आणला.

आवाज. बिजागऱ्यांना तेल घालू नये, ती करकर हवीच. कडी आणि किल्ली नंतर वेगळी, माइक वीतभर अंतरावर धरून रेकॉर्ड करायची, पण त्याच दारावर. दुसऱ्या दाराची कडी लगेच ओळखू येते. फ्रिज बंद करायचा, आणि परत चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. शेवटी सगळ्यांनी जिथे आहेत तिथे स्तब्ध उभं राहून ६० सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. नेमकं हेच घाईत राहून जातं. मग संकलनाच्या वेळी दोन वाक्यांमध्ये आवाज मुका होतो, आणि ते भोक बुजवायला पुन्हा तीच बासरी येते.

आता राहिला कट. पंखा पूर्ण थांबल्यावर आणखी दोन सेकंद थांबलं तर दृश्य संपल्याची घोषणा होते, आणि प्रेक्षक खुर्चीत मागे टेकतो. बल्ब गेल्याबरोबर कापलं तर नुसतं वीज बंद केल्याचं कळतं. दोन्ही करून बघावं, संकलनाच्या टाइमलाइनवर शेजारी-शेजारी ठेवून, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी. तिसरा पर्याय मला सगळ्यात खरा वाटतो: आजीची पावलं ओटल्यावरून उतरलेली, रिक्षा सुरू होऊन गल्लीच्या वळणावर पुसट झालेली, खोलीत फक्त पंख्याची टक्-टक्, आणि पात्याची शेवटची अर्धी फेरी अजून उरलेली असताना कट.