तुम्ही विचारलंत म्हणून : पद्मिनीचा पंखा

माझ्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडे दिसले की इमारतीच्या आवारात कोणी ना कोणी थांबतेच, आणि इंजिनापुढे पंख्याच्या जागी नुसती पुली फिरताना पाहिली की प्रश्नही ठरलेला येतो: ‘इलेक्ट्रिक पंखा बसवलात, आता गाडी तापत नाही ना? आम्हीही बसवावा का?’ जुनी अँबेसिडर किंवा जीप बाळगणारे परिचितही फोनवर हेच विचारतात. उभ्याउभ्या दिलेले ‘हो’ हे उत्तर अर्धवट ठरते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पद्मिनीचा मूळ पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून येणारा पट्टा त्याला फिरवतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद, एवढेच त्याला कळते. पाणी किती तापले आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी साठाच्या वेगाने धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीला, पुरतो, तरी पंखा इंजिनाची शक्ती खात फिरतच राहतो, आणि ही खादाडी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर शक्ती आठपट लागते. उलट सायनला गाडी पंधरा मिनिटे जागच्या जागी घुरघुरत असते, वारा मुळीच नसतो, तेव्हा हाच पंखा सर्वांत मंद फिरतो. मुंबईकरांची गाडी आयुष्याचा बराच काळ दुसऱ्या प्रकारात घालवते, आणि पंखा बदलण्यामागचे माझे खरे कारण तेवढेच आहे.

तरीही मूळ पंख्याला नावे ठेवणे मला पटत नाही. खंडाळ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना गाडीचा वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त असतात, तेथे पट्ट्याचा पंखा मन लावून काम करतो. मुंबईतल्या हजारो पद्मिनी टॅक्स्या याच पंख्यावर धावल्या. त्यांतली शेवटची २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. म्हणून तुमची गाडी अलीकडेच तापू लागली असेल, तर दोष बहुधा पंख्याचा नसतो. रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत का, पट्टा सैल पडला आहे का, रेडिएटरचे झाकण दाब धरते का, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेले आहे का, हे आधी पाहावे. तुंबलेल्या रेडिएटरपुढे कितीही दणकट पंखा लावला तरी तो गरम हवा ओढण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

हे सारे ठीक असेल तर मग पंख्याकडे वळावे, पण त्याआधी विजेकडे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. रेडिएटरचा साधा इलेक्ट्रिक पंखा दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बराच जास्त. जुन्या गाडीत डायनॅमो (बॅटरी भरणारे जुन्या धाटणीचे जनित्र) असेल, तर इंजिन मंद चालत असताना तो जवळपास काहीच देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच. म्हणजे पंखा जेव्हा हवा असतो नेमका तेव्हाच बॅटरी एकटी पडते. जुलैच्या संध्याकाळी हिंदमाताजवळ रांगेत अडकून हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालवून पाहा, म्हणजे हिशेब कळेल. मी आधी डायनॅमो काढून अल्टरनेटर, म्हणजे इंजिन मंद असतानाही वीज देणारे जनित्र, बसवला, आणि पंख्यापेक्षा तो खर्च अधिक सार्थकी लागला असे आजही वाटते.

पंखा कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर जुन्या सुट्या भागांत मिळाला, मारुती ८०० चा. त्या गाडीचे इंजिन आडवे असल्यामुळे पुलीचे तोंड रेडिएटरकडे नसते, म्हणून १९८३ पासूनच तिला विजेचा पंखा आहे. तो मी रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, पत्र्याच्या घेरासह बसवला; घेर नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि जाळीचे कोपरे कोरडेच राहतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून पंखा टांगण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती मला मुळीच मान्य नाही, कारण कंपनांनी जाळी घासली जाऊन गळू लागते.

जोडणी करणाऱ्या वायरमनने मात्र दोन गोष्टी केल्या. रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी कळ) न लावता पंख्याचा सगळा प्रवाह त्याने डॅशबोर्डवरच्या बटणातून फिरवला, आणि किंग्ज सर्कलला बटण वितळल्याचा वास आला. दुसरी गोष्ट समजायला आठवडा लागला. गाडी सिग्नलला थंड राही आणि धावू लागली की तापे, म्हणजे सगळेच उलटे. त्याने मोटरच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या होत्या; पंखा हवा पुढे ढकलत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. आता मी सर्वांना सांगतो की, पंखा चालू करून रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरावा, तो जाळीला चिकटला पाहिजे.

आता रिले आहे, फ्यूज आहे, आणि रेडिएटरवरची उष्णतेची कळ साधारण ९२ अंशांना पंखा लावते व ८७ ला बंद करते. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) याहून कमी तापमानाला उघडणारा हवा, नाहीतर पंखा थांबायचे नावच घेत नाही. शिवाय पंखा पूर्ण बंद करणारे एक बटण हाताशी ठेवले आहे, कारण मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी साचले असताना पंखा आपोआप सुरू झाला, तर पाती पाण्यात अडकून फ्यूज उडतो. पट्ट्याचा पंखा अशा पाण्यात थांबवता येत नाही. तो पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर, उडवतो आणि गाडी बंद पडते.

तेव्हा ‘आम्हीही बसवावा का?’ याला माझा उलट प्रश्न असतो: गाडी कोठे तापते, उभी असताना की धावताना, आणि चार्जिंगला डायनॅमो आहे की अल्टरनेटर? उभी असताना तापत असेल आणि अल्टरनेटर असेल, तर अवश्य बसवावा. मूळ पंखा मात्र भंगारात घालू नये. माझा डिकीत आहे, त्याच्या बोल्टांसह आणि दहाच्या पान्ह्यासह.