व्हॅलेंटाईन डे आला तरी कुठनं?

फेब्रुवारी लागला की बेळगावात गणपत गल्लीत गुलाबाचा भाव चढतोय आणि मग कोणतरी म्हणणारच, ही सगळी कार्डवाल्यांची थेरं हो. तसं नाहीय पण. संत व्हॅलेंटाईन तिसऱ्या शतकातला, रोमचा, तो एक की दोघं यावरच गोंधळ, १९६९ साली कॅथलिक चर्चनं त्याला आपल्या मुख्य कॅलेंडरातनंच काढलं! चोरून लग्नं लावायचा वगैरे नंतर चिकटवलेलं. प्रेमाशी जोडलं ते चौदाव्या शतकात इंग्लंडच्या चॉसर कवीनं, त्याच्या कवितेत या दिवशी पाखरं जोडीदार निवडतात, बस्स, मग दरबारी लोकं चिठ्ठ्या लिहायला लागली. खरी गंमत १८४० नंतरची, ब्रिटनभर एका पेनीत पत्र जायला लागलं, नाव न घालता कुणालाही पाठवा, मग काय, नावडत्या माणसाला टोमणे मारणारी कार्डंपण निघाली (मला हीच जास्त आवडली बघा). चॉकलेटचे हार्टवाले डबे त्यानंतरचे. आपल्याकडं नव्वदनंतर टीव्हीनं आणि ग्रीटिंगच्या दुकानांनी आणला, आता तर सगळं व्हॉट्सअपवर. नवऱ्याला सांगून ठेवलंय, मेसेज नको, पाव किलो कुंदा आण.