आमची वाटचाल: कुंड्यांच्या भाड्यापासून खवले किडीपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती कार्यालयांना कुंड्या भाड्याने देण्यापासून. रबर प्लांट, बेंजामिना, फिडल लीफ, सगळी फायकसच, वड-उंबराच्या गोतातली. काम ठरलेलं: पाणी घालणं, पानं पुसणं, वाळलेलं झाड बदलून देणं. पुढे लोक स्वतःचीच झाडं दाखवायला लागले. तक्रार बहुधा एकच, पानं चिकट झालीत, कुंडीखालची फरशीसुद्धा चिकटते. खवले कीड! म्हणजे पानाफांदीला खवल्यांसारखे चिकटून बसणारे, झाडाला शोषणारे बारीक किडे. हळूहळू भाड्याचं काम मागे पडलं आणि झाडांची दुखणी हाच धंदा झाला.

या किडीचे मऊ आणि कठीण असे दोन मुख्य प्रकार. आमचं अर्धं काम हा फरक ओळखण्यातच असतं. मऊ खवले आपली केसासारखी सोंड थेट रसवाहिनीत घालतात. त्या रसात साखर भरपूर, पोषण कमी. म्हणून ते सारखे पीत राहतात आणि जादा साखर बाहेर टाकतात. तोच तो चिकटा. त्यावर मुंग्या येतात, मग काळी बुरशी धरते. बुरशी पान खात नाही, पण उजेड अडवते.

कठीण खवल्यांची तऱ्हा वेगळी. ते सहसा रसवाहिनीच्या वाटेला जातच नाहीत. पानातल्या किंवा सालीखालच्या पेशी फोडून आतला ऐवज शोषतात. हरितद्रव्य जातं, पिवळा डाग पडतो. चिकटा नाही, त्यामुळे घरच्यांना बराच काळ पत्ता लागत नाही. पान उजेडाकडे धरा: वरचा पिवळा डाग आणि खालचा खवला नेमके एकावर एक दिसतात. हे दाखवलं की ग्राहकाला फार समजवावं लागत नाही.

औषधाचं गणितही यावरच. मातीत घालायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मऊ खवल्यांना लागू पडतं, कठीण खवल्यांना सहसा नाही. त्यांच्यासाठी फवारणीचं तेल, आणि तेही पिल्लं रांगत असताना. एकदा जागा धरली की मेण आणि कातीची ढाल अंगावर चढते. मग फवारा वरूनच ओघळतो. पानामागे मधल्या शिरेलगत आणि देठाच्या बेचक्यात नाही पोचला, तर सगळी मेहनत वाया.

मेलेला खवलाही झाडाला चिकटूनच राहतो. त्यामुळे 'औषधाने काही झालं नाही' असे फोन येतात. आम्ही नखाने दाबून बघतो. ओलं लागलं तर जिवंत, कोरडी टरफलं उडाली तर काम झालं.

खवल्यांनी मढलेली, शेंड्याकडून वाळत आलेली फांदी मात्र आम्ही कापतोच. पांढरा चीक गळतो, झाड काही दिवस बोडकं दिसतं. कात्री लावण्याआधी हे मालकाला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर हिशेबाच्या वेळी वाद ठरलेला.