छर्‍यांचे ठसे

आठ महिन्यांपूर्वी ज्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते छर्‍यांचं कडं, मी बदललं होतं, तेच चाक परवा घरघरत माझ्या दारात आलं. वीस वर्षं जुनी गाडी. ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, पन्नासच्या पुढे गेलं की परत तोच आवाज." आणि गाडी जॅकवर चढायच्या आधीच मी बोलून गेलो, "हल्ली माल डुप्लिकेट येतो हो."

ट्रायल मारली. साठला न्यूट्रल केलं, इंजिन शांत झालं, घरघर तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध संपला. डावीकडे हलका वळसा घेतला की वजन उजव्या चाकावर येतं; आवाज जाड झाला. उजवीकडे वळवली, तर दबला. पुढचं उजवं.

बरेच जण इथेच थांबून पाना हातात घेतात. टायरला खवले पडले असले तरी हुबेहूब असाच आवाज येतो, आणि दोन्ही बेअरिंगं बदलून झाल्यावर टायरकडे बघणारे मी पाहिलेत. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हा बदलत नव्हता. तरी गाडी उचलली, एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला आणि दुसर्‍याने चाक फिरवलं. वाळू भरडल्यासारखी बारीक किरकिर स्प्रिंगमधून बोटांत येत होती. डाव्या बाजूला काही नाही. चाक वर-खाली धरून हलवलं, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, शून्य. प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं गिर्‍हाइकाला सांगणार्‍यांना काय म्हणावं? प्ले येतो तोवर ते कित्येक दिवस ओरडत असतं.

बेअरिंग ज्यात बसतं ती नकल उतरवली, चाक ज्यावर बसतं तो हब ठोकून बाहेर काढला. आतल्या रेसचा, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या रिंगचा, अर्धा भाग नेहमीप्रमाणे हबवरच चिकटून राहिला. ग्राइंडरने त्याला तिरकी खाच पाडायची आणि छिन्नीचा एक घाव घालायचा. खाच किंचित खोल गेली की हबला जखम, म्हणून शेवटचा थर कापायचा नाही, तो घावानेच फुटू द्यायचा. हे काम मी अजून कोणाच्या हातात देत नाही.

जुनं बेअरिंग एरवी सरळ भंगारात जातं. हे मी कापलं, कारण मला ते डुप्लिकेट ठरवायचं होतं. बाहेरची रिंग चिरून डिझेलमध्ये धुतली. गंज दिसेल, नाहीतर हलक्या पोलादाचे टवके उडालेले दिसतील, अशी अपेक्षा. छर्‍यांच्या दोन ओळी असतात. एका ओळीचा मार्ग स्वच्छ. दुसर्‍यावर बारीक खळगे, दोन छर्‍यांत असतं तेवढ्याच अंतरावर. नख फिरवलं तर टक, टक, टक, पूर्ण गोल.

खरं सांगतो, दोष द्यायला मी रस्त्यातला खड्डा शोधत होतो. बाहेरची रिंग फिरत नाही, त्यामुळे चाक खड्ड्यात आपटलं तर ठसे एकाच भागात उमटतात. हे सगळीकडे सारखे होते. म्हणजे जोर आसाच्या दिशेने सरळ आला होता, आणि तसा जोर हब दाबून बसवायच्या यंत्रावर, प्रेसवरच येतो. हब दाबताना खालून आतल्या रेसला कॉलरचा, म्हणजे लोखंडी कड्याचा, आधार द्यावा लागतो. नुसती नकल टेकवून दाबलं तर सगळा जोर छर्‍यांमधून जातो. काही तुटत नाही, चाकही छान फिरतं. ठसे मात्र उमटलेले असतात.

आठ महिन्यांपूर्वी त्या दिवशी प्रेसवर मी होतो, पोर्‍या नकल धरून होता. मधेच फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा हब बसलेला होता. कॉलर मी लावून गेलो होतो का, आठवत नाही. पोर्‍याला विचारलं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "दादा, माझ्याकडूनच झालं असेल." इतक्या पटकन म्हणाला की मला बरं वाटलं नाही. चूक आधी कबूल केली की दादा कमी बोलतात, हे तो माझ्याकडेच शिकला असणार.

नवं बेअरिंग मी एकट्याने बसवलं. बेअरिंग अडवून धरणारी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का, ते दोनदा पाहिलं. अ‍ॅक्सलचा नट टॉर्क पान्याने आवळला आणि मगच गाडी खाली घेतली. सैल नटावर गाडीचं वजन आलं तर नवं बेअरिंग उभ्या उभ्या बिघडतं. ऐंशीला नेली, फक्त वार्‍याचा आवाज.

पैसे घेतले नाहीत. ताईंनी विचारलं, "दुकानदार डुप्लिकेट माल बदलून देतो का हो?" मी म्हणालो, "ते मी बघतो." आणि किल्ली दिली.

कापलेली रिंग प्रेसवर ठेवली आहे. पोर्‍याने ती दोनदा भंगारात टाकली, दोनदा मी उचलून आणली.