जोडीविना उरलेला एक

सातवीत आम्ही 43 जण होतो. प्रार्थना संपली की दोघादोघांच्या जोडीनं वर्गात जायचं, असा शाळेचा शिरस्ता. रोज एक जण उरायचा. एकदा गणिताच्या सरांनी आम्हाला मैदानावरच थांबवलं. "जोड्या बदला. कुणीच उरत नाही असं जमतंय का बघू." आम्ही चार-पाचदा बदलल्या. मुलगा दर वेळी वेगळा, पण एक उरायचाच. मग सर म्हणाले, "कोण कुणाबरोबर उभा आहे याचा उल्लेख न करता सांगा, एक का उरतो?"

आम्ही म्हणालो, 43 विषम आहे म्हणून. त्या दिवशी तेवढं पुरलं. सरांच्या प्रश्नाची खोली मला कळली ती पुढे तर्कशास्त्र शिकताना.

दोन वाक्यं घ्या; त्यांत 'सांत' म्हणजे मोजून संपणारा. 'वर्ग सांत आहे आणि सगळ्यांच्या जोड्या लागल्यात.' 'वर्ग सांत आहे आणि जोड्या लावून एक उरलाय.' ही दोन्ही एकाच वर्गाबद्दल खरी असू शकत नाहीत. (वर्ग अनंत असता, तर तीच मुलं एकदा पूर्ण जोड्यांत आणि एकदा एकाला वगळून उभी राहू शकली असती!) आता जोड्यांचं नाव न घेता, फक्त 'हा आणि तो वेगळे' एवढ्याच भाषेत, या दोन प्रकारच्या वर्गांना वेगळं करणारं वाक्य हवं. सांत लांबीच्या वाक्याला ते जमत नाही. त्याची नजर एका ठरावीक संख्येपर्यंतच पोहोचते. त्यापुढे सम काय नि विषम काय, त्याला सारखंच. पण 'मुलं 0 आहेत, किंवा 2, किंवा 4, किंवा 6…' असं न संपणारं वाक्य लिहू दिलं, की काम झालं.

तर्कशास्त्रज्ञ विल्यम क्रेग यांनी 1957 मध्ये नेहमीच्या तर्कशास्त्रासाठी दाखवलं, की एका विधानातून दुसरं निघत असेल, तर दोघांच्या सामाईक शब्दांतच लिहिलेलं एक मधलं विधान असतं. लोपेझ-एस्कोबार यांनी 1965 मध्ये तेच गणनीय लांबीच्या (न संपणाऱ्या, पण पहिला, दुसरा, तिसरा… असं मोजत जाता येईल अशा) 'आणि', 'किंवा' असलेल्या तर्कशास्त्रासाठी सिद्ध केलं. आमच्या वर्गात पहिल्या वाक्यातून 'दुसरं खोटं' हे निघतं, आणि 'मुलं 0 आहेत, किंवा 2…' हे त्यांच्यामधलं विधान. मला सगळ्यात भावतं ते हे, की याचा सख्खा भाऊ 1927 पासून हजर होता. रशियन गणितज्ञ लुझिन यांचं प्रमेय सांगतं, की एकमेकांना न छेदणारे दोन विश्लेषी संच एका बोरेल संचानं वेगळे करता येतात. बोरेल संच म्हणजे साध्या संचांवर गणनीय 'आणि', 'किंवा', 'नाही' वापरून बनलेला संच. विश्लेषी संच म्हणजे बोरेल संचाची छाया: कुणीतरी साक्षीदार आहे एवढंच कळतं, तो कोण ते नाही. आमच्या जोड्या म्हणजे तेच साक्षीदार. लुझिन आणि लोपेझ-एस्कोबार यांचे निबंध वॉर्साच्या एकाच नियतकालिकात, 'फंडामेंटा मॅथेमॅटिके'मध्ये आले.

सर निवृत्त झाल्यावर त्यांना भेटायला गेलो, तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "'आणि', 'किंवा' गणनीयही राहिले नाहीत तर?"

तिथे मधलं वाक्य त्याच भाषेत मिळेल याची खात्री उरत नाही, हे जेरोम मालिट्झ यांनी दाखवलंय, असं मी म्हणालो. सरांनी चष्मा लावला, उशाजवळची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "उदाहरण मांड."