खिडकी अरुंद झाली तरी मोर गोल राहायला हवा

येवल्याला माझ्या मामांकडे पैठणीचे हातमाग आहेत. त्यांच्यासाठी मी बऱ्याच वर्षांपूर्वी एक वेबसाइट करून दिली होती. पान ९६० पिक्सेल रुंद, आत ठरलेल्या मापाचे फोटो. तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ती छान दिसायची. गेल्या दिवाळीत मामांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, "बाळा, गिऱ्हाईक आता सगळं ह्याच्यावर बघतं. ह्यात काठ कुठला, पदर कुठला, काही कळतं का?"

खरंच कळत नव्हतं. सगळं पान तळहातावर पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं होतं. कारण साधं होतं. पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारी, ओळ नव्हती. ती नसली की फोन समजतो पान कॉम्प्युटरसाठी आहे, ते साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आकसून दाखवतो. मी ती ओळ टाकली: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ. आता अक्षरं वाचता येऊ लागली, पण फोटो उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर गेले. पदर बघायला बोटाने आडवं सरकावं लागत होतं.

यावरचा उपाय वेबसाइट करणाऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतो. २०१० साली वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन', म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे बदलणारी मांडणी, हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यातल्या तीन खांबांपैकी एक हाच होता: चित्राला मॅक्स-विड्थ १०० टक्के द्या. माझ्या हातून आधी नुसतं विड्थ १०० टक्के लिहिलं गेलं आणि दीडशे पिक्सेलचा शिक्का ताणून पानभर धुरकट झाला. मॅक्स-विड्थ म्हणजे जागा कमी असेल तर आक्रस, जास्त असेल तर आपल्या मूळ मापावर थांब. एवढा एक शब्द बदलला आणि शिक्का जागेवर आला.

पदराचे फोटो मात्र तरीही बाहेरच. मी बराच वेळ चित्राच्या नियमातच चूक शोधत बसलो. चूक होती चित्राच्या बाहेर. १०० टक्के म्हणजे कशाचे १०० टक्के? ज्या डब्यात चित्र बसलंय त्याचे. आणि तो डबा मीच पूर्वी ९०० पिक्सेलला बांधून ठेवला होता. चित्र आज्ञाधारकपणे ९०० पिक्सेलच्या आत राहत होतं, फोन होता ३६० चा. डब्याची ठाम रुंदी काढून तिथेही कमाल रुंदी दिली, तेव्हा कुठे फोटो स्क्रीनच्या आत आले.

आत आले, पण कसे! मामांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, हा मोर असा उभा का ताणलाय?" बांगडी मोर म्हणजे बांगडीच्या गोलात विणलेला मोर. तो गोल पानावर उभ्या अंड्यासारखा झाला होता. फोटोच्या टॅगमध्ये, म्हणजे पानात फोटो बसवणाऱ्या कोडच्या ओळीत, रुंदी ९०० आणि उंची ६०० लिहिलेली होती. रुंदी नव्या नियमाने ३२८ वर आली, उंची मात्र ६०० वरच राहिली. असायला हवी होती २१९ च्या आसपास. म्हणजे मोर जवळजवळ पावणेतीन पट उंच झाला होता.

मामा जे म्हणाले ते मला फार आवडलं. "पन्हा कमी केला तर नक्षीही त्याच हिशेबात लहान घ्यावी लागते. नुसता पन्हा दाबून कसं चालेल?" हातमागावर काम करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण तो धागे मोजून नक्षी बसवतो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, तो हिशेब हाइट ऑटो या दोन शब्दांत मावतो: रुंदी जशी बदलेल तशी उंची तूच काढ. ते लिहिलं आणि बांगडी पुन्हा गोल झाली.

मग मला वाटलं, टॅगमधली ती रुंदी-उंची आता कशाला हवी? काढून टाकली. इथे मी घाई केली. मामांच्या घरी नेट संथ, तिथे पान उघडलं की आधी मजकूर यायचा, आणि वाचायला घ्यावं तोच फोटो येऊन सगळा मजकूर खाली ढकलायचा. फोन नंबरावर बोट ठेवायला जावं तर तो सरकून गेलेला. फोटो येईपर्यंत त्याला किती जागा सोडायची हे ब्राउझरला ठाऊक नव्हतं. २०१९ च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स टॅगमधल्या त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढतात आणि तेवढी जागा आधीच राखून ठेवतात. म्हणून ते आकडे परत लिहिले. आकडे टॅगमध्ये, हाइट ऑटो सीएसएसमध्ये, दोन्ही हवेतच.

पुढचा त्रास मला सगळ्यात जास्त छळून गेला. जुन्या पानावर फोटो आणि माहिती शेजारी-शेजारी होती, टेबलमध्ये. टेबल काढून मी फ्लेक्सबॉक्स घेतला, म्हणजे सीएसएसची गोष्टी एका रांगेत मांडायची पद्धत. आणि हाइट ऑटो असूनही मोर पुन्हा लांबला! पण सगळीकडे नाही. जिथे माहिती चार ओळींची होती तिथे फोटो नीट, जिथे माहिती लांबलचक तिथे फोटो ताणलेला. त्यावरूनच उलगडलं. फ्लेक्समध्ये रांगेतली सगळी पोरं, म्हणजे आतले डबे आणि चित्रं, एकाच उंचीची करायची, हे आधीपासूनच ठरलेलं असतं. चित्र थेट त्या रांगेत उभं असेल तर तेही ताणलं जातं. अलाइन-आयटम्सला फ्लेक्स-स्टार्ट दिलं, म्हणजे ताणू नका, नुसतं वरून रांगेत लावा, आणि प्रश्न मिटला. मला कोणी ऑब्जेक्ट-फिट कव्हर सुचवलं होतं. त्यात आकार बिघडत नाही, पण कडा कापल्या जातात. पैठणीच्या फोटोची कड म्हणजे नारळी काठ. तो कापायचा तर फोटो दाखवायचा कशाला? माणसांच्या गोल फोटोंना ते चालतं, कापडाला नाही, असं माझं पक्कं मत झालं आहे.

आता मापं जुळली, वजन राहिलं. नव्या कॅमेऱ्याचे फोटो ६००० पिक्सेल रुंद, एकेक साडेआठ एमबीचा. दिसायला ३२८ पिक्सेलचा, पण फोनवर उतरायचा सगळाच्या सगळा. शिवाय पैठणीच्या जरीची एवढी बारीक वीण ब्राउझरने आक्रसली की तिच्यावर नसलेल्या लाटा दिसायच्या. म्हणून प्रत्येक फोटोची चार मापं काढली: ४८०, ८००, १२०० आणि १८००. ती टॅगमधल्या एसआरसीसेट नावाच्या यादीत दिली, म्हणजे ब्राउझर आपल्या गरजेचं माप उचलतो.

कुठलं उचलतो हे बघायला मी एका फोटोच्या चारही प्रतींवर लाल रंगात मोठे आकडे लिहिले. फोनवर १२०० चा आकडा आला. आधी चुकलं असं वाटलं, पण बरोबर होतं. त्या फोनवर एका सीएसएस पिक्सेलमागे तीन खरे पिक्सेल आहेत, स्क्रीनच्या ३६० ला तीनने गुणलं की १०८०. लॅपटॉपवर मात्र फोटो एक तृतीयांश रुंदीचा असून १८०० चा आला. ब्राउझर पानाची मांडणी कळायच्या आधीच फोटो मागवतो, आणि साइझेस, म्हणजे चित्र किती रुंद दिसणार ते, टॅगमध्ये लिहिलं नसेल तर चित्र खिडकीभर आहे असं धरतो. साइझेसमध्ये रुंद खिडकीला तेहेतीस टक्के असं सांगितलं, तेव्हा आकडा लहान मापावर उतरला. ही तपासणी ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडून करावी. एकदा मोठा फोटो साठवला गेला की क्रोम खिडकी लहान केल्यावरही तोच वापरतो, आणि आपण उगाच गोंधळतो.

एक फोटो उरला, उलगडलेल्या अख्ख्या पदराचा. लांबच लांब आडवा. फोनवर तो प्रमाणात लहान झाला, पण बोटभर पट्टी झाली. इथे आक्रसून भागणार नव्हतं. पिक्चर टॅगमध्ये अरुंद स्क्रीनसाठी वेगळा, उभा फोटो दिला. कुठला भाग घ्यायचा ते मामांनी ठरवलं. त्यांनी पदरावर चार बोटं ठेवली आणि म्हणाले, "इथून इथपर्यंत. मोर पण येतो, खालचा काठ पण येतो."

परवा त्यांनी उलट्या बाजूचा फोटो पाठवला. हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, ते गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. मी चार मापं काढली, पानावर टाकला आणि मामांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी खिडकीची कड धरून ती हळूहळू आत आणली, पुन्हा बाहेर नेली, पुन्हा आत. बांगडी लहान होत गेली, मोठी होत गेली, गोलच राहिली.