आमची वाटचाल: लेथपासून टर्बाइनपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी लेथ टाकलं ते ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांसाठी. शेतावर विजेच्या मोटारी आल्या तसं ते काम आटत गेलं. आम्ही धरणांच्या दरवाजांची कामं धरली, तिथून पायथ्याच्या वीजगृहात शिरलो, आणि आज टर्बाइनची दुरुस्ती हाच आमचा मुख्य धंदा आहे.

पायथ्याच्या वीजगृहाचं मला फार कौतुक वाटतं. उसाला आवर्तन सोडायचंच असतं. तेच पाणी आधी टर्बाइन फिरवतं आणि मग कालव्याला लागतं. इंधन लागत नाही, धूर नाही, नवी जमीन बुडत नाही. कोयनेचे १९६० मेगावॅट राज्याचा मोठा आधार आहेत. पण त्या धरणासाठी उठलेल्या गावांतली माणसं पुनर्वसनासाठी किती वर्षं भांडत आली, हेही आमच्या भागाला ठाऊक आहे. म्हणूनच बांधून झालेल्या धरणांवर जिथे परवडेल तिथे टर्बाइन आणि जनित्राचा संच बसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सेकंदाला १ घनमीटर पाणी १०० मीटर खाली आलं, तर सुमारे ८५० किलोवॅट वीज मिळते. पायथ्याला उंची कमी असते, पण पाणी भरपूर.

सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि घराघरांत दिवे लागतात. तेव्हा पाण्याचा संच काही मिनिटांत भार घेतो. थंड पडलेला कोळशाचा संच चालू करायला कित्येक तास जातात.

शिवाय हे यंत्र पिढ्यान् पिढ्या चालवता येतं. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं. संच बदलले, केंद्र अजून वीज देतंय. झिजतं ते रनरचं, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाचं पातं. दाब एकदम घसरला की पाण्यात बुडबुडे होतात, ते पात्यालगत फुटतात आणि चांगल्या पोलादालाही खड्डे पाडतात. गढूळ पाण्यातली वाळू गाइड व्हेन, म्हणजे रनरकडे पाणी वळवणाऱ्या पट्ट्या, आणि त्या ज्यात फिरतात ते बुश खाते. आम्ही खड्डे खरवडून काढतो, १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेलच्या स्टेनलेसचं वेल्डिंग भरतो, साच्याला लावून घासतो आणि शेवटी रनरचं बॅलन्सिंग करतो. पात्याचा आकार जरा बिघडला तर तेवढ्याच पाण्यात वीज कमी मिळते, म्हणून घासकामाला मी कधीच घाई करू देत नाही.

उन्हाळी आवर्तन संपून पाऊस लागेपर्यंतचे दिवस आमच्या हंगामाचे. आयटीआयची पोरं त्याच दिवसांत हाताखाली घेतो. या वर्षापासून गाइड व्हेनचे बुशही आमच्याच शेडमध्ये बनवायला घेतले आहेत.